वाळू लागलेला अंगठा

कुवेतला नोकरी केली म्हटलं की लोक पहिल्यांदा तेलाचं विचारतात. मी तेलाचा थेंबही पाहिला नाही. मी पाहिले ते कागद, आणि त्यातही बहुतेक तलाकचे. एका छोट्या कोर्टाच्या दप्तरखान्यात मी अकरा वर्षं कारकून होतो. मी गेलो तेव्हा शहराभोवतीची मातीची भिंत उभी होती. ती माझ्यासमोरच पाडली. मदरशातलं अरबी, शाळेतलं मराठी आणि टायपिंगच्या क्लासातलं इंग्रजी एवढ्या भांडवलावर मला तिथे घेतलं, कारण आमच्या कोकणातल्या मुसलमानांचे अर्ज वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. लोक मला मुन्शीभाई म्हणत.

निकाहचं रजिस्टर लाल कापडाच्या बांधणीचं, तलाकचं हिरव्या. नोंद शोधणं म्हणजे काय, हे आधी सांगतो. आपल्याकडे माणूस नाव आणि आडनाव सांगतो. तिथल्या रजिस्टरात आडनावाला किंमत नव्हती. माणसाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, या तीन नावांवर माणूस उभा. त्यातून अरबी लिपीत आपला ‘प’ नाही, ‘च’ नाही, ‘ट’ नाही. लिहिणारा कारकून इराकी असेल तर ‘चिपळूण’ला ‘शिबलून’ करायचा, इजिप्शियन असेल तर आणखी काही. म्हणून मी आधी नाव वाचायचो नाही, तोंडाने पुटपुटायचो. चुकीच्या अक्षरांतून गावचा आवाज आला की पान सापडलं समजायचं. या कामात मी तरबेज होतो, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

दुसरी गोष्ट अशी, की तलाक द्यायला माणसाला कोर्टात यावंच लागतं असं नव्हतं. तो खोलीवर बसून देई आणि चिठ्ठी गावाला धाडी. कोर्टात येऊन देणारे थोडे. त्यामुळे ‘नोंद सापडली नाही’ असा दाखला दिला तरी त्याचा अर्थ ‘तलाक झाला नाही’ असा होत नसे. हे मी शेकडो लोकांना समजावलं असेल. समजलं फार थोड्यांना.

एक गृहस्थ राजापूरकडचे होते, बेकरीत कामाला. भर सकाळी आले ते घामाने डबडबलेले. म्हणाले, “मुन्शीभाई, मी बायकोला तलाक दिला काय, तेवढा बघा.”

मी विचारलं, “कधी दिलात?”

“दिला नाय हो. सपनात दिला. काझीसमोर उभा होतो, अंगठा केला. उठलो तर अंगठा निळा.”

त्यांनी अंगठा पुढे केला. तो खरोखर निळा होता. बेकरीच्या पोत्यांवर छाप मारायची शाई असणार, असं मी म्हणालो. तेही ‘असेल’ म्हणाले, पण हलेनात. तीन दिवस मी त्यांच्यासाठी रजिस्टरं पालथी घातली. नोंद नव्हती. तसा दाखला लिहून दिला, तो त्यांनी तावीजासारखा घडी करून खिशात ठेवला. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी येऊन विचारत, “अजून नाय ना आली?” आम्ही हसायचो. ते गेल्यावर मात्र माझा हात आपोआप हिरव्या रजिस्टराकडे जायचा.

पण मला सांगायची आहे ती हलीमाची नोंद. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

तिचं पत्र रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून आलं होतं. मराठीत, शाळामास्तरच्या हातचं, खाली तिची सही. मजकूर थोडा होता. नवरा यूसुफ कुवेतला पाण्याच्या पंपावर कामाला. वर्ष झालं, पत्र नाही. गावी रजेवर आलेल्या एकाने सांगितलं, की यूसुफने तुला कोर्टात तलाक दिला आहे आणि तो बुकात लिहिलेला आहे. “लिहिला असेल तर नक्कल द्यावी. नसेल तर तसे कळवावे, म्हणजे मी वाट पाहीन.” सोबत नवऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव. आजोबाचं नाव नव्हतं.

नक्कल कोणालाही मिळत नसे. नवरा, बायको किंवा अगदी जवळचं रक्ताचं माणूस यांनाच. बायकोचा अर्ज चालणार होता. मी शोधायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सापडलं. जिल्हज महिन्यातली नोंद. यूसुफ बिन अब्दुल लतीफ बिन धाकट्या. ‘धाकट्या’ची अक्षरं अरबीत इतकी वेडीवाकडी झाली होती, की दहा वेळा पुटपुटल्यावर उलगडा झाला. माणूस स्वतः हजर राहिला, शुद्धीत होता, हलीमा बिन्त हुसेन हिला एक तलाक दिला. दोन साक्षीदार. खाली अंगठा.

अंगठ्यावर बोट फिरवलं तर ते खरखरीत लागलं. शाईत वाळूचे कण चिकटून सुकले होते. जुन्या काळी शाई वाळवायला वाळू भुरभुरत, पण आमच्याकडे टिपकागद होता. त्या पानावर आणखी चार अंगठे होते. ते गुळगुळीत होते.

मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्या देशात वाळू भाकरीतही असायची.

नियम असा होता, की एकाच नावाचे दोघे असू शकतात म्हणून नक्कल देण्यापूर्वी ओळख पटवायची. काझीसाहेब म्हातारे होते, डोळ्यांनी अधू, पण या बाबतीत कडक. मी सुट्टीच्या दिवशी यूसुफच्या, म्हणजे पंपावरच्या कामगारांच्या, कॅम्पवर जायचं ठरवलं. त्याला भेटायचं, हाच तो का विचारायचं, झालं.

कॅम्प जलीब अल शुयूखच्या पलीकडे होता. आज तिथे खोल्यांवर खोल्या चढल्या आहेत असं ऐकतो. तेव्हा ते वाळूतलं खेडं होतं, विहिरी आणि थोडी मातीची घरं. कॅम्पमध्ये पत्र्याची एक लांबट खोली, आत सहा खाटा. पाचांवर बिछाने होते. सहावीवर नुसती सुतळी, आणि खाली एक पत्र्याची पेटी.

मी विचारलं, “यूसुफ कुठे भेटेल?”

खोलीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक वयस्क दापोलीकर होते, ते म्हणाले, “मुन्शीभाई, तुमाला ठाव नाय? यूसुफ तोझमंदी गेला. शाबानमंदी.”

तोझ म्हणजे तिथलं धुळीचं वादळ. भर दुपारी आकाश आधी पिवळं, मग तांबडं, मग विटकरी होतं आणि हाताचं बोट दिसत नाही. यूसुफ दोनशे पावलांवरच्या पंपाकडे निघाला तो पोचलाच नाही. दोन दिवस सगळे शोधत होते. चप्पल नाही, पागोटं नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याला गेलेला मानून फातिहा पढले.

शाबान म्हणजे जिल्हजच्या चार महिने आधी.

मी त्यांना नोंदीचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “खाट का तशीच ठेवलीत?”

दापोलीकर म्हणाले, “एक पंजाबी झोपला होता चार दिवस. उठायचा तर बिछान्यात वाळू. झाडायचा, परत वाळू. मग त्यानंच बिछाना काढला.” आणि वर बघत, “पत्र्याला भोकं हायत. वाळू येतेच.”

भोकं होती, हे खरं. पण ती बाकीच्या खाटांवरही होती.

परतीच्या ट्रकमधून मी कोर्टापाशीच उतरलो. कोर्टात आलो तो पहिल्यांदा साक्षीदारांची नावं वाचली. एक आमचाच म्हातारा शिपाई, बू सालेम. कोर्टात साक्षीदार कमी पडला की तो उभा राहायचा. दुसरा कासिम, आणि त्याच्या नावापुढे पत्ता तोच कॅम्प.

बू सालेमला सगळी माणसं आठवत. तरुणपणी तो मोत्यांच्या बोटींवर पाणबुड्या होता. कान अर्धे गेले होते, नजर मात्र शाबूत. मी नोंद दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण दिवस सांगितल्याबरोबर तो म्हणाला, “तोझचा दिवस. आपण दुपारी दिवे लावले होते.”

“माणूस कसा होता?”

“तोंड गुंडाळलेलं. सगळ्यांचंच होतं त्या दिवशी. आत आल्यावर सगळे सोडतात, यानं सोडलं नाही. पापण्यांवर धूळ. मी पाणी दिलं, घेतलं नाही.” मग म्हणाला, “एवढ्या धुळीतून आलेला माणूस पाणी नाकारत नाही, मुन्शी. मी समुद्रातली माणसं बघितली आहेत. पाणी नाकारताना मी कोणाला बघितलेलं नाही.”

काझीसाहेबांना दिसायचं कमी, समोरच्याने तीन नावं बरोबर सांगितली, दोन साक्षीदार होते. नोंद झाली.

आता राहिला कासिम. तो कॅम्प सोडून शहरात एका गोदामावर लागला होता. मी त्याला कोर्टामागच्या चहाच्या दुकानात बोलावलं. तिशीचा, काटक, सारखा दाराकडे बघणारा माणूस. मी नोंदीची गोष्ट काढली तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि मग तो उचललाच नाही.

“मना तुरुंगात घालाल?” त्याने विचारलं.

“आधी काय झालं ते सांग.”

त्या दिवशी पंपावर जायची पाळी कासिमची होती. दोघांचं सकाळी कशावरून तरी वाजलं होतं, आणि कासिम रागाने पडून राहिला. यूसुफ उठला आणि त्याच्या जागी गेला. पुढे गावाहून निरोप येऊ लागले, की मयताचा दाखला धाडा. प्रेत नाही तर दाखला कोण देणार? आणि दाखला नाही तर मौलवी म्हणत, मौतीची खात्री होईपर्यंत बाईने थांबायचं. बाई तेवीस वर्षांची.

“मी ठरवला,” कासिम म्हणाला, “मौतीचा कागद मिळत नाय, तर तलाकचा तरी मिळू दे. सुटंल तरी बिचारी.” त्याने बाजारातला एक बलुची हमाल गाठला. यूसुफ बनून काझीसमोर उभा राहायचं, मान हलवायची, अंगठा करायचा. कासिमला बापाचं नाव ठाऊक होतं. आजोबाचं ठाऊक नव्हतं. तो इब्राहीम ठोकून देणार होता.

“दिवस ठरला त्या दिवशी तोझ सुटला. मी कोर्टाच्या दाराशी उभा. बलुची येईना. अर्धा तास बघितला, म्हटला, जाऊ दे, अल्लालाच मंजूर नाय. निघालो. तर मागनं कोणी तरी खांद्यावर हात ठेवला, आणि बोलला, ‘चल.’”

“मग?”

“मना वाटला बलुची. तोंड बांधलेला होता. आत गेलो. काझीनं नाव विचारला, यानं सांगितला. बापाचा नाव सांगितला, तो मी शिकवलेला. आणि मग आजोबाचा...” कासिमने पुन्हा दाराकडे पाहिलं. “‘धाकट्या’ बोलला. मुन्शीभाई, हा नाव मी त्याला सांगितला नव्हता. मना ठावच नव्हता. आणि बलुची माणूस ‘चल’ कसा बोलेल? तो ‘चलो’ बोलेल.”

“तोंडाकडे बघितलंस?”

“नाय.”

“का?”

“धीर झाला नाय.”

अंगठा केल्यावर तो माणूस दारातून बाहेर पडला. कासिम मागे धावला, पण दारापलीकडे फक्त तांबडी धूळ. संध्याकाळी बलुची भेटला आणि पाया पडू लागला, की ताप होता, येऊ शकलो नाही.

मी तिथे बसून तीन गोष्टी मनात मांडल्या. कासिम खोटं बोलतो आहे आणि बलुचीच आला होता. किंवा यूसुफ मेलाच नव्हता. संसाराला, कर्जाला, कशाला तरी कंटाळून त्या वादळातून चालत निघून गेला, आणि त्याच दिवशी योगायोगाने स्वतःच्या पायांनी तलाक द्यायला आला. तिसरी गोष्ट मी मनातही पुरी केली नाही. गावाला मी चिठ्ठी धाडली, हलीमाच्या मास्तराकडे, की यूसुफच्या आजोबाचं नाव कळवा. उत्तर आलं: खरं नाव कागदावर काही तरी दुसरं आहे, पण गावात सगळे धाकट्याच म्हणत.

काझीसाहेबांपुढे नक्कल सहीला ठेवली. बाहेर स्वच्छ ऊन होतं. त्यांनी लेखणी हातात घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “ओळख पटली?”

खरं सांगितलं असतं तर कासिम तुरुंगात गेला असता. नोंद गोठवली गेली असती, आणि ती तेवीस वर्षांची बाई आयुष्यभर टांगलेली राहिली असती. आणि मी तरी खरं म्हणजे काय सांगणार होतो? माझ्या तोंडून शब्द आला, “पटली.”

त्यांनी सही केली, मी शिक्का मारला, मराठी भाषांतर स्वतः टाइप केलं आणि पाकीट बोटीच्या टपालात टाकलं. तिला मोकळी केली, असं समाधान वाटलं. कासिम पुढच्याच बोटीने देशी गेला, तो मुंबईत उतरला एवढंच कळलं. मी नोकरीत होतो तोवर ते पान मात्र पुन्हा उघडलं नाही. तोझच्या दिवशी दुपारी दिवे लागले, की मी दाराकडे पाठ करून बसायचो. दार उघडल्याचा आवाज आला तरी आधी बू सालेमचा चेहरा बघायचो.

कुवेत स्वतंत्र झालं, तिथे चालणारा आपला रुपया गेला, दिनार आला. कोर्टं नव्या इमारतींत गेली, रजिस्टरं छापील झाली. रुमैथियासारख्या वाळूच्या मैदानांवर घरांच्या रांगा आखल्या जाऊ लागल्या. माझे डोळे बिघडले तसा मी राजीनामा देऊन परत आलो. परतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने त्या खाडीकाठच्या गावी जाणं झालं. आठ वर्षं उलटली होती. मी हलीमाचं घर विचारलं. वाटलं, नवरा, मुलंबाळं असतील, बघून येऊ.

घरात तिचा भाऊ सुलेमान आणि ती, दोघंच. एकतीस-बत्तीसची बाई, कानशिलाजवळ केस पिकलेले, हातांत काचेच्या बांगड्या. मी नाव सांगताच ती आत गेली आणि कापडात गुंडाळलेली नक्कल घेऊन आली. घड्यांवर कागद फाटला होता. मागून खळ लावून पट्ट्या चिकटवल्या होत्या.

मी विचारलं, “दुसरा निकाह नाही केलास?”

“कसा करू?” ती म्हणाली. “ते जिवंत हायत ना.”

मला कळेना. मी म्हणालो, “अगं, पण हा तलाकचा कागद आहे.”

“तलाकचा हाय, भाई. पण त्याच्यावर तारीख हाय.” तिने जिल्हजच्या तारखेवर बोट ठेवलं. “तोझची खबर आमाला आधीच आली होती. सगळे बोलले, गेला. मग ही तलाकची खबर आली. मी म्हटला, मेलेला माणूस तलाक कसा देईल? तुमाला पत्रात तोझचा मुद्दाम लिवला नाय. लिवला असता तर तुमी शोधलाच नसता. मना सुटका नको होती. मना ते त्या दिवशी जिवंत होते का, तेवढा बघायचा होता. राग गेला की येतील.”

सुलेमान भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “तीन मागण्या आल्या हिला. तिन्ही हिनं परत धाडल्या. हा कागद दाखवून.”

शिक्का माझा होता. ‘ओळख पटली’ हा शब्द माझा होता. मी तिला सगळं सांगितलं. पंपाची पाळी, कासिम, बलुची हमाल, खांद्यावरचा हात, धाकट्याचं नाव, न घेतलेलं पाणी. काही लपवलं नाही. सांगताना खाडीकडून वारा येत होता. मी संपवलं तेव्हा सुलेमान काझीला, कासिमला, मला, सगळ्यांना शिव्या घालू लागला. तिने त्याला हाताने थांबवलं.

तिने कागदाची घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाली, “जिवंत असतील तर मना सोडायला आले. मेले असतील तर मना सोडवायला आले.” आणि कागद घडी करत, “सोडायचा असता तर तोंड कशाला झाकला असता?”

ती उठून आत गेली. आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला. एकदा, मग दुसऱ्यांदा. सुलेमान आत धावला नाही. तो उंबऱ्यावर खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती भेटायला आली नाही. आदल्या संध्याकाळपासून ती इद्दतीला बसली होती, विधवेच्या. चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर येणार नव्हती. सुलेमान मला जमातीच्या कचेरीत घेऊन गेला. मयतांची वही त्याने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “तुमचा अक्षर चांगला हाय, मुन्शीभाई. तुमीच लिवा.”

मी लिहिलं: यूसुफ, बिन अब्दुल लतीफ, बिन धाकट्या. गाव लिहिलं, कुवेत लिहिलं. पुढचा रकाना तारखेचा होता. शाबान लिहावं तर जिल्हजला कोर्टात कोण आलं होतं? जिल्हज लिहावं तर शाबानात कोण गेलं होतं? सुलेमान शाईची दौत धरून उभा होता. मी लेखणी पुसली, तो रकाना कोरा ठेवला आणि वही मिटली.